बंद पडलं, पडलं नाही

घड्याळ पडलं नव्हतं. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण गेलं वर्षभर मी हे एकच वाक्य बोलत आले आहे. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ते हसण्यावारी नेलं आणि उरलेले 'जाऊ द्या ना मॅडम' म्हणाले. 'जाऊ द्या' म्हणताना लोक असं तोंड करतात की जणू त्यांनी मोठ्या मनानं मला माफ केलं आहे. कशाबद्दल माफ केलं, ते कोणी सांगत नाही.

मी महामाया. जानेफळला शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवते. पहाटे शाळेच्याच मैदानावर आम्ही चौघी पळतो. अंगणवाडीच्या सिंधूताई आमच्यात सगळ्यांत मोठ्या. त्या साडी खोचून पळतात आणि आम्हा तिघींना मागे टाकतात. पतसंस्थेत काम करणारी मयुरी पळते कमी आणि बोलते जास्त. आणि पूनम. गावातल्या मोठ्या शेतीवाल्या घरची सून. पळण्याचं हे खूळ तिनं आणि मी मिळून सुरू केलं. गावानं आधी टिंगल केली, मग गाव कंटाळलं. पूनम मला ताई म्हणायची, आणि माझ्या घरी आली की सरळ चुलीजवळ, म्हणजे गॅसजवळ जाऊन स्वतःचा चहा स्वतः करायची.

शेगावला बायकांची दहा किलोमीटरची दौड होणार होती. त्यात उतरायचं ठरलं, तेव्हा वर्गणी काढून आम्ही पळणाऱ्यांचं घड्याळ घेतलं. किती अंतर झालं, कोणत्या वेगानं झालं, छाती किती धडधडते, सगळं ते मनगटावर दाखवतं. पूनमचा भाऊ हर्षल याचं मलकापूरला इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. पूनम आणि मी तिथं जाऊन ते आणलं, बिल माझ्या नावावर झालं. प्रत्येकीकडे एकेक आठवडा ठेवायचं असं ठरलं. सोमवारी मैदानावर मयुरी मोठ्यानं विचारायची, "बाई, या हप्त्यात पाळी कोणाची?" आणि फाटकाजवळून जाणारे मास्तर मान खाली घालून सायकल दामटायचे.

माझ्या पाळीतच ते गेलं. रात्री नेहमीप्रमाणे बुद्धाच्या फोटोखालच्या फळीवर चार्जिंगला लावलं होतं. सकाळी उचललं तर काच काळी. बटण दाबलं, धरून ठेवलं, दुसरा चार्जर लावला, काही नाही. मी मैदानावर जाऊन तिघींना तसंच सांगितलं. तेव्हा कोणालाच काही वाटलं नाही. पूनम म्हणाली, "वारंटी हाये न ताई. हर्षलकडं पाठवून देऊ."

कंपनीची मोठी जाहिरात होती, 'आता आपल्या मायबोलीत तक्रार नोंदवा'. फोन लावला की एक यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणायची, बोला, आम्ही ऐकतो आहोत. मला, खरं सांगते, बरं वाटलं. मी घसा साफ केला आणि वर्गात बोलते तसं स्पष्ट बोलले, "माझं घड्याळ चार्जिंगला लावलं होतं. ते अचानक बंद पडलं. आता सुरू होत नाही." तीन वाक्यं. तिन्हींत खोट काढून दाखवावी कोणीही. मग घड्याळ बिलासह मलकापूरला हर्षलकडे पाठवलं, त्यानं ते कंपनीकडे पाठवलं.

ते परत आलं तसंच, काळं. सोबत एक चिठ्ठी. घड्याळ चार्जिंगला असताना पडल्याचे ग्राहकाने स्वतः कळवले आहे, आदळून झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, सबब दावा नामंजूर.

मी ते दोनदा वाचलं. मग घड्याळ खिडकीशी नेऊन उलटंसुलटं करून पाहिलं. ओरखडासुद्धा नव्हता. माझा नवरा प्रसेनजित मेहकरला औषधांच्या दुकानात असतो, तो जेवत होता. त्यानं ताटावरून मान वर केली आणि विचारलं, "तू त्याइले काय सांगितलं होतं?"

"बंद पडलं म्हटलं."

 मग त्याच्या लक्षात आलं आणि तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मला हसू आलं नाही. पाऊस पडतो, प्रश्न पडतो, उजेड पडतो, माणूस आजारी पडतो, लग्न महागात पडतं. यांतलं काय टेबलावरून खाली येतं? आणि मायबोलीत ऐकतो म्हणून छाती ठोकणाऱ्या कंपनीला 'बंद पडलं' कळत नाही, म्हणून मी खोटारडी?

मी हर्षलला फोन लावणार, तेवढ्यात कळलं की त्यानं आधीच बहिणीला फोन केला आहे.

दुसऱ्या दिवशी मैदानावर तिघी आधीच आल्या होत्या आणि मी फाटकातून आत शिरताच बोलणं थांबलं. पूनम म्हणाली, "ताई, पडली असंल घडी तं सांगून द्याचं होतं. आम्ही काय खाल्लं असतं तुले?"

"पडली नाही पूनम. बंद पडली."

"पण तूनंच तं कंपनीले तसं सांगितलं म्हणते."

"मी असं काई सांगितलं नाही."

"मंग कंपनी काऊन लिहीन?"

मी समजावलं. शब्द फोडून, अर्थ लावून, आठवीतल्या पोरांना समजावते तसं. मयुरी हो हो म्हणाली, पण ती पूनमकडे पाहून हो म्हणत होती. सिंधूताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे बाई. होते मानसाच्या हातून. कोणी काई म्हनलं का तुले?" त्या हातानं मला जितका राग आला तितका पूनमच्या बोलण्यानंही आला नव्हता. नऊ-दहा वर्षं ज्यांच्याबरोबर धापा टाकल्या, त्या बायकांना माझ्या शब्दापेक्षा कुठल्याशा यंत्राची चिठ्ठी खरी वाटली. वस्तू गेली याचं मला काही नव्हतं. माझ्या हातून पडलं असतं तर मी त्याच सकाळी सांगितलं असतं आणि भरूनही दिलं असतं. हे यांना माहीत नव्हतं का?

तिथून मी पेटले. ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली. तिथून ती कंपनीकडे गेली. कंपनीनं तेच उत्तर पाठवलं, फक्त आता खाली 'आपल्या समाधानासाठी आम्ही कटिबद्ध आहोत' असंही होतं. मी माझा आवाज मागितला. तुम्ही माझं बोलणं नोंदवून घेतलंय ना, मग मलाच ऐकवा. तर म्हणे, तो आमचा अंतर्गत मजकूर आहे. माझ्या तोंडून निघालेलं वाक्य यांचं अंतर्गत कधीपासून झालं?

मी मलकापूरला जाऊन हर्षललाही भेटले. दुकानात गर्दी होती. त्यानं मला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि माझे डोळे सोडून सगळीकडे पाहिलं.

"हर्षलभाऊ, तुम्ही पाहिली न घडी? पडल्यासारखी दिसली तुमाले?"

"आता ताई, कंपनी नाही म्हणते तं मी काय करू? मी तं नुसता विकणारा."

"विकताना तं वारंटी वारंटी करून राह्यले होते."

"वारंटी कंपनीची असते ताई." आणि तो गिऱ्हाइकाला इस्त्री दाखवायला वळला.

मधेच कंपनीचा फोन आला. एक मुलगा अतिशय नम्रपणे म्हणाला की झालं गेलं सोडा, आम्ही तुम्हाला सद्भावना म्हणून नवीन घड्याळ अर्ध्या किमतीत देतो, तुम्ही फक्त तक्रार मागे घ्या. मी विचारलं, "त्या कागदावरचं 'ग्राहकाने स्वतः कळवले' हे खोडणार का?" तो म्हणाला, ते शक्य नाही मॅडम, सिस्टिममध्ये बंद झालं आहे. मी म्हटलं, मग तुमची सद्भावना तुमच्याकडेच राहू द्या.

हे मैदानावर कळलं आणि मात्र तिघीही चिडल्या. "घे न घडी! काऊन ताणून राह्यली एवढी?" मयुरी म्हणाली. "अर्धे पैसे आपन पुन्हा जमा करू. दौड तोंडावर आली." मी सांगितलं की ते घड्याळ घेतलं की मी पाडलं हे कायमचं खरं होईल. पूनम बूट बांधत म्हणाली, "मॅडमले घडी नाही पाहिजे, मॅडमले जिंकाचं हाये."

ताईची मॅडम झाले मी, तेही तिथंच, बुटाची नाडी बांधून होईपर्यंत.

शेगावच्या दौडीला पूनमच्या घरची गाडी जाणार होती. आदल्या दिवशी निरोप आला की गाडीत जागा नाही, घरची मंडळी दर्शनाला येत आहेत. मी एसटीनं गेले. पळाले. सिंधूताई माझ्यापुढे होत्या, पूनम मागे, आणि पूर्ण दहा किलोमीटर आम्ही एकमेकींना ओळख दिली नाही. पळून आल्यावर मी स्टेशनजवळच्या हॉटेलात एकटीनं कचोरी खाल्ली आणि तिथंच ठरवलं की आता बुलडाण्याला जायचं.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार द्यायला वकील लागत नाही, हे लोकांना माहीतच नसतं. आपण राहतो त्या जिल्ह्यात देता येते, कंपनी कुठलीही असो. एवढ्याशा वस्तूला फीसुद्धा पडत नाही. पडत नाही! बघा, पुन्हा तेच क्रियापद, आणि फी काही जिन्यावरून येत नाही. मी तक्रार स्वतः लिहिली. प्रसेनजित म्हणाला, "तू आता पडण्यावर पीएचडी करून टाक." पण टाइप त्यानंच करून दिलं.

तक्रारीत मी कंपनीसोबत दुकानालाही घातलं. घालावंच लागतं, विकणाराही जबाबदार असतो. नोटीस मलकापूरला पोचली त्या संध्याकाळी पूनम माझ्या दारात आली. आत आली नाही.

"माह्या भावाले कोर्टात वढतं तू?"

"तुह्या भावानं खरं सांगावं. म्हनावं घडीवर डाग नव्हता. मी त्याचं नाव काढून टाकतो उद्याच."

"एका घडीसाठी!"

"घडीसाठी नाही पूनम. मी पाडली नाही, एवढं तू म्हन. बस."

 ती काहीतरी बोलेल असं वाटलं. मग तिनं पदर सारखा केला आणि निघून गेली. त्यानंतर मी पळायची वेळ बदलली. त्या तिघी फाटकातून बाहेर पडायच्या तेव्हा मी आत जायची.

तारखा पडल्या. हो, त्याही पडल्या. दर वेळी रजा, मेहकरहून चिखलीमार्गे बुलडाणा, आणि कंपनीचा वकील पुढची तारीख मागून मोकळा. शेवटी कंपनीनं आपलं म्हणणं दिलं, आणि त्याला जोडून पुरावा म्हणून माझंच बोलणं लिहून दिलं. वर मराठीत माझी तीन वाक्यं, अगदी शब्दाला शब्द. खाली यंत्रानं केलेलं इंग्रजी. त्याचा अर्थ असा होत होता की घड्याळ चार्जिंगला होतं, ते अचानक बंद झालं आणि पडलं. मधला 'आणि' यंत्रानं स्वतःच्या खिशातून घातला होता. जो कागद ते महिनोन्‌महिने अंतर्गत म्हणून दडवत होते, तो त्यांनी स्वतःच्या हातानं आणून दिला आणि तोही मोठ्या ऐटीत. वरची ओळ वाचावी असं त्यांच्यातल्या एकालाही वाटलं नव्हतं.

वकील व्हिडिओवरून बोलत होता. म्हणाला, ग्राहकाची बोली ग्रामीण असल्यामुळे किरकोळ संभ्रम झाला असेल, त्याला कंपनी जबाबदार नाही.

मी उभी राहिले.  "साहेब, मी घरी वऱ्हाडी बोलते आणि त्याची मला लाज नाही. पण हे वाक्य वऱ्हाडी नाही. हे पाठ्यपुस्तकातलं मराठी आहे, मी ते शाळेत शिकवते. तरी यांना मराठीच कळत नसेल तर यांनी मायबोलीत बोला असं सांगून आम्हाला बोलायला लावू नये. न कळलेल्याचा दोष बोलणाऱ्याच्या माथी मारू नये. आणि गावातली बाई आहे, ती कुठं बुलडाण्यापर्यंत येते, असं धरून चालू नये."

अध्यक्ष म्हणजे पिकल्या केसांच्या एक बाई होत्या. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग पडद्याकडे पाहून विचारलं, "वकीलसाहेब, तुमची गाडी कधी रस्त्यात बंद पडली आहे का?"

"अं, हो मॅडम."

"कुठून पडली?"

मागच्या बाकांवर हशा झाला. वकील काहीतरी 'तांत्रिक अहवाल' म्हणाला. बाईंनी अहवाल मागितला. अहवाल नव्हता. कंपनीनं घड्याळ उघडूनच पाहिलं नव्हतं. चिठ्ठी यंत्राच्या इंग्रजीवरून निघाली होती आणि घड्याळ पेटीतून पेटीत परत आलं होतं.

निकाल माझ्या बाजूनं लागला. नवीन घड्याळ, खर्च, आणि मी जे मुद्दाम मागितलं होतं ते: कंपनीनं मला लेखी कळवावं की घड्याळ पडल्याचं ग्राहकानं कधीही म्हटलं नव्हतं. दुकानावर आयोगानं काही ठेवलं नाही. नवीन घड्याळ आणि ते पत्र आलं तेव्हा मी पत्र स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं आणि मला रडू फुटलं. आनंदाचं नव्हतं. एवढ्या एका वाक्यासाठी माझं वर्ष खाल्लं या लोकांनी.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या वेळेला मैदानावर गेले. तिघी होत्या. मी पत्र मोठ्यानं वाचलं. सिंधूताईंनी ऐकून घेतलं आणि कानाची पाळी धरली. "मी चुकली बाई. मी तुले जाऊ दे म्हनलं, तेच चुकलं माहं." मयुरी रडायलाच लागली, तिला रडायला कारण लागत नाही. पूनम पायरीवर बसून होती.

"पूनम, तुले काई म्हनायचं?"

तिनं मान खाली घालून जमिनीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"हर्षलनं मले पयल्याच दिवशी सांगितलं होतं फोनवर. घडीवर एक डाग नाही, कंपनी बहाना करून राह्यली म्हने. पन त्याइच्याशी वाकडं घेतलं तं माल द्याचं बंद करतीन. तू चूप राह्य म्हने. मी चूप राह्यली."

ज्या बाईला मी वर्षभर पटवून देत होते, तिला पहिल्या दिवसापासून पटलेलं होतं. मला वाटत होतं माझा शब्द कमी पडला. शब्द पोचला होता. तिनं तो घेऊन नुसता बाजूला ठेवला होता.

"आनखी सांगू का?" ती अजून जमिनीकडेच पाहत होती. "घरी सासूबाई म्हनल्या, सामाईक वस्तू त्याइच्या घरी ठेवालेच नव्हती पाहिजे. मी तवाबी काई बोलली नाही. तुह्या घरचा चहा पेऊन पेऊन, काई बोलली नाही."

'त्यांच्या' हे सर्वनाम आहे. नामाच्या जागी येतं, असं मी दरवर्षी शिकवते. इथं ते कोणत्या नामाच्या जागी आलं होतं, हे मला विचारावं लागलं नाही. कंपनीनं निदान मला ओळखत नसताना खोटी ठरवलं होतं. विमलबाईंनी, पूनमच्या सासूनं, माझ्या लेकीच्या बारशाला पाळणा म्हटला होता.

सिंधूताई 'अवो पूनम' एवढंच म्हणाल्या. मी सोबत आणलेला नव्या घड्याळाचा डबा त्यांच्या हातात दिला.

"ऊठ," मी पूनमला म्हटलं.

"ताई, मी तुह्या पाया पडतो. माफ कर."

"माह्या पाया नको पडू. घरी चल."

"कोनाच्या?"

"तुह्या. आता मले सांगितलं ते सगळं विमलबाईले सांग. हर्षलचंबी, अन् त्या दिवशी तू काऊन चूप राह्यली तेबी. मी उभी राहीन तिथं. बसनार नाही."

"आता? सगळे घरी असतीन ताई. सासरे, दीर..."

"असू दे सगळे. त्या दिवशी सगळ्याइच्या समोरच म्हनलं असंल न त्याइनं?"

 मयुरी माझ्याकडे, मग पूनमकडे पाहत होती. मला वाटलं पूनम उठणार नाही, आणि नाही उठली तर काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. बुलडाण्याला यासाठी आयोग नाही.

मग ती उठली. तोंड पुसलं आणि फाटकाकडे चालू लागली. मी तिच्या बरोबरीनं गेले नाही, दोन पावलं मागेच राहिले. या वेळी आधी तिनं बोलायचं होतं.